विश्लेषण : लहान शहरांतील रुग्णालयांवर विश्वास का बसत नाही? उपचारांसाठी पुणे-मुंबईच का गाठली जाते?

अपघाताची किंवा हृदयविकाराच्या झटक्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर आली, की तिच्यात एक वाक्य हमखास असते : 'पुढील उपचारासाठी पुण्याला हलवण्यात आले.' पुण्याच्या जागी कधी मुंबई, कधी नागपूर येते. वाक्य तेच राहते. आजार मोठा असेल तर शहरही मोठे हवे, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजली आहे. स्थानिक रुग्णालयातच थांबणाऱ्या कुटुंबाला 'इथे कशाला ठेवलं?' असे नातेवाईकच विचारतात. ही समजूत कितपत खरी आहे, ती कुठे जीव वाचवते आणि कुठे जिवावर बेतते, याचा हा आढावा.

लोकांना नेमके काय वाटते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांनी आजारपणात आपण सहसा सरकारी आरोग्य केंद्रात जात नसल्याचे सांगितले. त्यामागची कारणे विचारली असता सर्वाधिक उत्तर आले ते उपचारांचा दर्जा चांगला नसल्याचे. जवळपास निम्म्या कुटुंबांनी ते दिले. वाट पाहण्यात जाणारा वेळ आणि जवळपास केंद्र नसणे ही कारणे त्यानंतरची. म्हणजे दवाखाना लांब आहे यापेक्षा, आहे तो बरा नाही ही भावना अधिक प्रबळ आहे.

पण 'दर्जा' या शब्दाचा अर्थ रुग्णासाठी वेगळा आणि वैद्यकशास्त्रासाठी वेगळा असतो. रुग्णाला दिसते ती इमारत, स्वच्छता, यंत्रे, पाटीवरच्या पदव्या आणि डॉक्टरांचे बोलणे. निदान अचूक झाले का, औषध योग्य वेळी मिळाले का, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचे प्रमाण किती, या गोष्टी त्याला दिसत नाहीत. तालुक्याच्या गावी पूर्वी विश्वास माणसावर असायचा. 'त्यांच्या हाताला गुण आहे' एवढे प्रशस्तिपत्र पुरत असे. मोठ्या शहरात डॉक्टर ओळखीचा नसतो. तिथे हा विश्वास रुग्णालयाच्या नावावर आणि शहराच्या आकारावर ठेवला जातो.

ही समजूत आली कुठून?

तिला इतिहासाचा भक्कम आधार आहे. मुंबईत सर ज. जी. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये, तर परळचे केईएम १९२६ मध्ये उभे राहिले. टाटा मेमोरियल रुग्णालयाची स्थापना १९४१ मधली आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची १९४७ मधली. जिथे महाविद्यालय तिथे नामवंत प्राध्यापक, तिथेच त्यांचे विद्यार्थी आणि पुढे त्या विद्यार्थ्यांची खासगी रुग्णालये, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. दुर्मीळ आजाराचा रुग्ण बघितलेला डॉक्टर याच शहरांत सापडण्याची शक्यता जास्त होती.

दुसरे कारण मनुष्यबळाचे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी होते. महाराष्ट्रात या पातळीवरचे काम प्रामुख्याने ग्रामीण रुग्णालये करतात. तिथे शल्यचिकित्सक नेमून भागत नाही. त्याच्या जोडीला भूलतज्ज्ञ लागतो, रक्तपेढी लागते, रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिका लागतात. यातला एक दुवा नसला तरी शस्त्रक्रियागृहाला कुलूप राहते आणि रुग्णाच्या हाती 'रेफर'ची चिठ्ठी पडते. असे दोन-चार अनुभव गावात पोहोचले, की पुढच्या वेळी लोक ग्रामीण रुग्णालयाची पायरी न चढता थेट शहराची गाडी करतात. रुग्ण कमी झाले की डॉक्टरांचा सराव घटतो आणि पद भरण्याची निकडही उरत नाही. अविश्वासातून रिकामे रुग्णालय आणि रिकाम्या रुग्णालयातून पुन्हा अविश्वास, असे हे चक्र आहे.

मोठ्या शहरातील उपचार खरोखरच चांगले असतात का?

आजारानुसार उत्तर बदलते. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांबाबत लोकांचा कौल शास्त्राला धरूनच आहे. अन्ननलिका किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयांत वर्षाला मोठ्या संख्येने होते, तिथे मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे अमेरिकेतील अभ्यासातून २००२ मध्येच स्पष्ट झाले होते. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया, अवयव प्रत्यारोपण, मेंदूतील गाठी यांनाही हेच तत्त्व लागू पडते. इथे सराव म्हणजेच दर्जा.

रोजच्या आजारांबाबत मात्र शहराचा आकार फारशी हमी देत नाही. मुंबई आणि पाटणा या दोन शहरांत क्षयरोगाची लक्षणे सांगणारे प्रशिक्षित 'रुग्ण' खासगी डॉक्टरांकडे पाठवून एक मोठा अभ्यास करण्यात आला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अडीच हजारांहून अधिक भेटींपैकी एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त भेटींत रुग्णाला योग्य दिशेने उपचार किंवा तपासणी सुचवली गेली. यातले एक शहर देशाची आर्थिक राजधानी होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात याच पद्धतीने झालेला आणखी एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी सेवेतला डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात रुग्णाला अधिक वेळ देतो, अधिक प्रश्न विचारतो आणि योग्य उपचारही अधिक वेळा देतो, असे त्यात दिसले. ज्ञान तेच, गाव तेच आणि माणूसही तोच होता. तरीही जागा बदलली की मेहनत बदलत होती. त्यामुळे दर्जाचा प्रश्न डॉक्टरांच्या संख्येपुरता किंवा पदवीपुरता राहत नाही, उत्तरदायित्वाशीही जोडला जातो.

वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट'मध्ये २०१८ मध्ये आलेल्या अंदाजानुसार, २०१६ या एका वर्षात भारतात सुमारे १६ लाख मृत्यू निकृष्ट दर्जाच्या उपचारांमुळे झाले. उपचारांपर्यंत पोहोचूच न शकल्याने झालेले मृत्यू सुमारे ८ लाख ३८ हजार होते. दवाखान्याच्या दारात पोहोचलेल्यांचे मृत्यू न पोहोचलेल्यांच्या जवळपास दुप्पट आहेत. लोकांची दर्जाबद्दलची शंका निराधार नाही, हेच यातून दिसते. चूक होते ती 'मोठे शहर म्हणजे चांगला दर्जा' असे गृहीत धरण्यात.

मृत्यूंच्या आकड्यावरून रुग्णालयाची पारख करता येते का?

सरसकट नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. दोन्ही घटनांनी राज्य हादरले. औषधटंचाई, अपुरे कर्मचारी आणि क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण यांवरून आरोप-प्रत्यारोप झाले. अनेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत इतर ठिकाणांहून पाठवले गेले होते, असे प्रशासनाचे म्हणणे होते.

त्रुटींची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. पण एक मुद्दा उरतोच. परिसरातील सर्वांत अत्यवस्थ रुग्ण ज्या रुग्णालयात येतात, तिथे मृत्यूही जास्त दिसतात. आसपासची छोटी रुग्णालये असे रुग्ण पुढे पाठवतात, म्हणून त्यांच्याकडचा आकडा कमी राहतो. रुग्ण दाखल होतानाची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय दोन रुग्णालयांची तुलना अर्थहीन ठरते. न्यूयॉर्क राज्य १९९० च्या दशकापासून हृदय शस्त्रक्रियांचे रुग्णालयनिहाय निकाल अशा प्रकारे तोलून जाहीर करते. आपल्याकडे तशी सार्वजनिक व्यवस्था नाही. ती पोकळी मग ऐकीव अनुभव, जाहिराती आणि इंटरनेटवरील तारांकने भरून काढतात.

लहान शहरांनी हा समज कुठे खोटा ठरवला?

ठळक उदाहरण मिरजेचे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय सुरू केले. रेल्वे जंक्शन असल्याने कर्नाटक आणि गोव्यातूनही रुग्ण येऊ लागले. पुढे डॉक्टरांच्या पिढ्या तिथेच स्थिरावल्या आणि मिरज ही 'वैद्यकपंढरी' म्हणून ओळखली गेली. तमिळनाडूतील वेल्लोर हे तर महानगर नाही. तरीही तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये देशभरातून रुग्ण जातात. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ते हेच.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे काम तर जगाच्या उपयोगी पडले. तिथे १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या सहकार्याने देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही चाचणी जगभर स्वीकारली जाण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

रायगडमधील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर करून कोकणातील मृत्यू लक्षणीय घटवले. त्यांचे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. विंचू चावलेल्या रुग्णाला महाडहून मुंबईला हलवण्यापेक्षा महाडमध्येच ठेवणे शहाणपणाचे, असे चित्र तिथे निर्माण झाले. या सर्व ठिकाणी एक समान धागा दिसतो : माणसे दीर्घकाळ टिकली, नोंदी ठेवल्या गेल्या आणि ठरावीक आजारांवर सातत्याने काम झाले.

मोठ्या शहराकडे धावण्याची किंमत किती?

पहिली किंमत वेळेची. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात रक्तवाहिनी बंद असेल, तर दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांत मिळणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे आणि मग रुग्णाला हलवावे, अशी वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे इंजेक्शन ईसीजी काढून जिल्हा रुग्णालयातही देता येते. ते न घेता चार तासांच्या प्रवासाला निघणे म्हणजे उपचाराची सर्वांत मोलाची वेळ रस्त्यात घालवणे. पक्षाघातातही गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सर्पदंशात प्रतिविषाची पहिली मात्रा जवळच्या सरकारी रुग्णालयात घेणे निर्णायक ठरते.

दुसरी किंमत पैशांची. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) बाळंतपण वगळता एका वेळच्या रुग्णालयवासाचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये आढळला. यात प्रवास, नातेवाईकांचे राहणे-खाणे आणि बुडालेली मजुरी नाही. टाटा मेमोरियलमध्ये येणाऱ्या कुटुंबांना कित्येक आठवडे मुंबईत काढावे लागतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर परळच्या पदपथावर मुक्काम पडतो. गावी शेती आणि मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर राहतात. उपचार अर्धवट सोडण्यामागे आजारापेक्षा हाच ताण अनेकदा कारणीभूत ठरतो.

तिसरी किंमत दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची. सिंधुदुर्गातील रुग्णांना मुंबईपेक्षा गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय जवळ. वर्षानुवर्षे ते त्यांचा आधार होते. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने राज्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू केले आणि सिंधुदुर्गात अस्वस्थता पसरली. आपल्या जिल्ह्यात सोय नसण्याचा अर्थ त्या वेळी अनेकांना कळला. त्यानंतर सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

'रेफर'ची चिठ्ठी नेहमी रुग्णाच्या हिताचीच असते का?

बहुतेक वेळा असते, पण शंकेला जागा आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल पाठवणाऱ्याला मिळणारा हिस्सा, म्हणजेच 'कट प्रॅक्टिस', हा महाराष्ट्रातील वैद्यकीय क्षेत्राचा जुना आजार आहे. तो रोखण्यासाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कायद्याचा मसुदाही तयार झाला.

दुसरीकडे, लहान शहरातील डॉक्टरांचीही बाजू आहे. गुंतागुंत झाली तर नातेवाईकांचा रोष, तोडफोड आणि कोर्टकचेरी यांची भीती असते. त्यामुळे हाताळता येण्याजोगा रुग्णही 'जोखीम नको' म्हणून पुढे पाठवला जातो. रुग्णाचा डॉक्टरांवर विश्वास नाही आणि डॉक्टरांचा नातेवाईकांवर नाही, अशा कोंडीत रुग्णवाहिका धावत राहते.

दर्जा ओळखण्याच्या अधिकृत खुणा कोणत्या?

खासगी रुग्णालयांसाठी 'एनएबीएच' हे मानांकन आहे, पण ते ऐच्छिक आहे. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके, प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' आणि स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' हे उपक्रम आहेत. अनेक तालुक्यांतील रुग्णालयांनी ही प्रमाणपत्रे मिळवली आहेत. ती रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावलेली असतात, मात्र त्यांचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचलेला नाही.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक उपचारांना वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शहर गाठण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे तपासले तर अनेकांचा प्रवास वाचू शकतो.

रुग्णाच्या कुटुंबाने निर्णय कसा घ्यावा?

तातडीच्या आजारात नियम सोपा आहे : आधी जवळचे सक्षम रुग्णालय, मग गरज असेल तर मोठे शहर. प्राथमिक उपचार करून, रुग्ण स्थिर करून आणि पुढच्या रुग्णालयाशी फोनवर बोलून मगच निघावे. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. खासगी गाडीच्या मागच्या सीटवर रुग्ण झोपवून नेण्यापेक्षा ती केव्हाही सुरक्षित.

कर्करोगासारख्या आजारात काही दिवस हाताशी असतात. निदान आणि उपचारांचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरवून घ्यावा आणि केमोथेरपीसारखे टप्पे शक्य असल्यास घराजवळ पूर्ण करावेत, हा मार्ग अधिक टिकाऊ आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल कॅन्सर ग्रिड'चा हेतू देशभर उपचारांची पद्धत एकसारखी असावी, हाच आहे.

मधुमेह, रक्तदाब, साधे बाळंतपण, हर्निया, मोतीबिंदू यांसाठी महानगर गाठण्याची बहुधा गरज नसते. शस्त्रक्रिया ठरत असेल तर स्थानिक डॉक्टरांना चार प्रश्न निःसंकोच विचारावेत : ही शस्त्रक्रिया इथे वर्षाला किती होतात? भूलतज्ज्ञ पूर्णवेळ असतात का? रक्त आणि अतिदक्षता विभागाची सोय काय? गुंतागुंत झाली तर पुढे कुठे पाठवणार? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी असला तरी भरवशाचा आणि ती टाळणारा मोठ्या शहरात असला तरी विचार करायला लावणारा.

चित्र बदलेल का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यात गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, जालना अशा जिल्ह्यांचा समावेश आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. नागपूरच्या 'एम्स'मुळे विदर्भाला मुंबईचा पर्याय मिळाला आहे.

इमारत उभी राहिली म्हणजे विश्वास बसतो असे मात्र नाही. अध्यापकांची पदे रिक्त राहिली, यंत्र आले पण ते चालवणारा तंत्रज्ञ आला नाही, तर नव्या महाविद्यालयातूनही जुनीच 'रेफर'ची चिठ्ठी मिळेल. मिरज, बार्शी आणि महाड यांनी विश्वास कमावला तो अनेक दशकांच्या कामातून. नव्या रुग्णालयांना तो लवकर कमवायचा असेल, तर कोणत्या आजाराचे किती रुग्ण आले, किती बरे झाले आणि किती पुढे पाठवावे लागले, हे आकडे नियमितपणे लोकांसमोर ठेवावे लागतील. तोवर जिल्ह्यातील कुटुंबे ऐकीव माहितीवरच निर्णय घेत राहतील, आणि तो बहुतेक वेळा शहराकडे जाणाऱ्या गाडीच्याच बाजूने असेल.